बदलीच्या गावी: पाळकीणबाईंचे प्रश्न

प्रश्न: ताई, सलाम. माझे पती चर्चचे पाळक आहेत. आमची बदली नेवासे तालुक्यातल्या एका मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, झाली आहे. मेअखेर पाळकगृहात राहायला जायचं आहे. विजेच्या बिलावरून आधीच्या पाळकांचं आणि चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांचं वाजलं होतं, असं कानावर आलं. आधी काय पाहून घ्यावं?

उत्तर: टेम्पोतून सामान उतरवण्याआधी मीटर पाहा. आकड्याचा तारखेसह फोटो काढा आणि मागचं बिल भरल्याची पावती चिटणिसांकडून मागून घ्या. पुष्कळ गावांत चर्च आणि पाळकगृह एकाच मीटरवर असतं. रविवारचे पंखे, माईकचा संच, नाताळची रोषणाई, सगळं घरखर्चात येऊन बसतं आणि बोलायची चोरी. चर्चच्या लाइनीवर वेगळा सब-मीटर बसवायला सांगा. दर महिन्याच्या 1 तारखेला दोन्ही आकडे वहीत लिहून एका पंचांची सही घ्या, म्हणजे युनिटांप्रमाणे बिल वाटता येतं. मोटर, टाकी, पंखे, कपाटं यांची यादीही पहिल्याच आठवड्यात दोन प्रतींत करा. पुन्हा बदली होते तेव्हा तीच कामाला येते.

मग छप्पर. नगर भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 पासूनचं, त्यामुळे काही घरं खरोखरच जुनी, कौलारू आहेत. कौलं पावसाआधीच चाळून घ्या. डाग दिसतो तिथेच गळती असते असं नाही. पाणी वाशावरून ओघळत येतं, म्हणून डागाच्या वरच्या, चढाकडच्या तीन-चार ओळी तपासायला सांगा. वीस-पंचवीस जादा कौलं रचून ठेवा, जुन्या मापाची ऐन पावसात मिळत नाहीत. आणि पंचांच्या कमिटीचा ठराव होईपर्यंत स्वतःच्या खिशात हात घालू नका. पैसे मिळतात, पण मागून मागून.

प्रश्न: प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत भाकरीबरोबर सगळ्यांना देतात तो, द्राक्षारस पाळकीणबाईंनी घरी करायचा, अशी इथली रीत आहे. एप्रिलमध्ये मनुका रात्रभर भिजवल्या, तर रविवारी सकाळी बाटली उघडताना रस फसफसला आणि मेजावरच्या पांढऱ्या कापडावर सांडला. साबणाने धुतलं तर डाग निळसर झाला. शंभर-सव्वाशे माणसं असतात.

उत्तर: चूक रात्रभर भिजवण्यात झाली. उन्हाळ्यात तेवढ्या वेळात पाणी आंबायला लागतं.

एका लहान पेल्यात 10 मिली धरले तर 125 जणांना सव्वा लिटर लागतो. सांडलवंड धरून दीड लिटर करा. त्यासाठी 400 ग्रॅम काळ्या मनुका आणि दोन लिटर पाणी घ्या. मनुका दोनदा धुऊन कढत पाण्यात तासभरच ठेवा. त्याच पाण्यात मंद आचेवर 20 ते 25 मिनिटं उकळा, घोटा आणि उकळून वाळवलेल्या मलमलीतून गाळा. गाळलेला रस पुन्हा एक उकळी येईपर्यंत तापवा, कारण फडक्यातून, चमच्यातून जे काही शिरलं असेल ते तिथेच मरतं. मग उकळत्या पाण्यातून काढलेल्या काचेच्या बाटलीत गरम असतानाच गळ्यापर्यंत भरा. साखर घालू नका. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमचं नको, आंबट रस त्याला लागतो. शनिवारी संध्याकाळी करून फ्रिजमध्ये ठेवा. वीज जाणार असेल तर बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून परातीतल्या पाण्यात उभी करा. उरलेला पुढच्या महिन्यासाठी राखू नका.

डागाचं म्हणाल तर द्राक्षाचा रंग आंबटात लाल राहतो आणि साबण-सोड्यात निळा पडतो. त्यामुळे सांडल्याबरोबर गार पाणी ओता, मग लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून दहा मिनिटं ठेवा, धुवा. साबण त्यानंतर. तुमच्या निळ्या डागालाही आधी लिंबूच लावून पाहा. कापड सुती असेल तर उन्हात वाळवा. डाग पुरता जाईपर्यंत इस्त्री फिरवू नका, तो पक्का बसतो.

प्रश्न: मी परिचारिका आहे, पाळ्या असतात. महिला मंडळाचं अध्यक्षपद पाळकीणबाईंकडेच असतं, असं सगळ्या म्हणतात. घरभेटीही माझ्याकडेच. हंगामाच्या सणाला लोक चर्चला पिकातलं देतात, त्याच्या लिलावाचे पैसे आमच्या कपाटात ठेवायचे, असंही सुचवलं आहे.

उत्तर: पैसे मुळीच ठेवू नका. कोंबड्या, बाजरी, गूळ यांचा लिलाव झाला की दोघांनी मोजायचे, वहीत मांडायचे आणि खजिनदारांनी न्यायचे. एक रात्रही पाळकांच्या घरी नकोत.

अध्यक्षपदाला सहा महिने थांबा. पाळीचा तक्ता महिनाअखेर मंडळाच्या चिटणीस बाईंना द्या. बैठकीचा दिवस त्यावरून ठरेल, फक्त आठवडे बाजाराचा वार टाळा. डिसेंबर-जानेवारीत कांदालागवड चालते तेव्हा बाया दुपारी येत नाहीत. त्याला नाराजी समजू नका, बैठक संध्याकाळी ठेवा. घरभेटी वस्तीवार करा, एखाद्या वडीलधाऱ्या बाईंना सोबत घ्या आणि मोठ्या घरापासून सुरुवात करू नका. लगेच बोललं जातं.

पेटी येत असली तरी पहिले दोन-तीन रविवार दुसऱ्यालाच वाजवू द्या. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एकच गीत गावोगाव वेगळ्या चालीत म्हणतात. शहरातली चाल धरलीत तर अर्धी मंडळी दुसऱ्या ओळीलाच गप्प बसेल.