परसातली खाकी कॅम्पबेल बदके: सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या प्रश्नांना उत्तरे

पावसाळा तोंडावर आला की परसातल्या पक्ष्यांबद्दल विचारणा वाढते. यंदा कोंबडीच्या बरोबरीने बदकांचे प्रश्न आले आहेत, आणि जवळपास सगळे एकाच जातीबद्दल आहेत: खाकी कॅम्पबेल. ही जात मुळात इंग्लंडमधली. अ‍ॅडेल कॅम्पबेल या बाईंनी इंडियन रनर आणि रूआँ या बदकांच्या जाती आणि रानबदक यांच्या संकरातून ती तयार केली आणि 1901 च्या सुमारास तिला आजचा खाकी रंग आला. पाच महिन्यांच्या आसपास मादी अंड्यावर येते. खुराक, उजेड आणि सांभाळ उत्तम असेल तर वर्षाला 250 ते 300 अंडी देते. अंडे साधारण 65 ते 75 ग्रॅमचे, म्हणजे कोंबडीच्या अंड्यापेक्षा चांगलेच मोठे असते. परसात पहिल्याच वर्षी 300 चा हिशेब धरून बसू नका. निम्म्यापेक्षा जास्त मिळाली तरी घरच्यापुरती भरपूर होतात.

सांगोला तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिले आहे: "आमच्याकडे उन्हाळ्यात प्यायला टँकर येतो. तळे नाही, ओढा कोरडा. अशा ठिकाणी बदक जगेल का?"

ताई, जगेल आणि अंडीही देईल. बदकाला पोहायला आवडते, पण अंडी देण्यासाठी पोहण्याची गरज नसते. गरज असते ती डोळ्यांपर्यंत डोके बुडवता येईल इतक्या खोल पाण्याची. बदक खाता खाता चोच पाण्यात बुडवते, नाकपुड्या धुते, डोळे साफ करते. कोंबडीची उथळ पाणभांडी ठेवली तर नाकपुड्यांत खाद्य साचते, डोळे चिकटतात आणि पक्षी खंगतो. पाच-सहा इंच खोल घमेले किंवा जुनी नांद जमिनीत थोडी पुरून ठेवा, कलंडणार नाही. सहा बदकांना दिवसाला दोन-तीन घमेली पाणी पुरते. सांडलेले पाणी शेवग्याच्या किंवा केळीच्या आळ्यात जाईल असे घमेले मांडा. त्या पाण्यात विष्ठेचे खत असते, झाडाला ते मानवते.

आपल्याकडे खरी कसोटी एप्रिल-मे महिन्यांची. पारा 42-43 च्या पुढे गेला की बदक चोच उघडी टाकून धापा टाकते, खाणे सोडते आणि अंडी थांबतात. पत्र्याच्या शेडखाली दुपारी बदके ठेवू नका. पत्राच असेल तर त्यावर कडबा किंवा तुराट्यांचा जाड थर टाका आणि बाजूंना ओले गोणपाट लावा. लिंबाच्या झाडाखालची सावली सगळ्यात चांगली. खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्या. दुपारी फक्त सावलीत ठेवलेले थंड पाणी द्या.

रात्रीच्या खुराड्यात मात्र जमीन कोरडी हवी. तिथे खाद्य ठेवले नाही तर रात्री पाणी नसले तरी चालते. खाद्य असेल तर पाणीही असलेच पाहिजे, नाहीतर कोरडे खाद्य घशात अडकते. एका बदकाला तीन ते चार चौरस फूट जागा धरा. खाली तूस, भुसा किंवा बारीक कडबा अंथरा आणि ओला झाला की बदला. ओल्या अंथरुणावर तळपायाला फोड येतात आणि अंडीही घाण होतात. ही जात बहुतेक अंडी पहाटे ते नऊच्या दरम्यान देते, म्हणून नऊपर्यंत दार उघडू नका. लवकर सोडलीत तर अंडी बांधावर, गवतात, कुठेही सापडतील किंवा सापडणारही नाहीत.

बार्शीच्या एका शेतकरी दादांचा प्रश्न: "सोयाबीनमध्ये शंखी गोगलगायी फार. बदके सोडली तर खातील का?"

खातात, आवडीने खातात. बारीक गोगलगायी आणि त्यांची अंडी बदके शोधून फस्त करतात. मोठ्या, टणक शंखाच्या गोगलगायी त्यांना गिळता येत नाहीत, त्या हाताने वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकाव्या लागतात. 2022 च्या खरिपात जवळच्या धाराशिव, लातूर, बीड या जिल्ह्यांत गोगलगायींनी उगवते सोयाबीन खाल्ले ते आपण पाहिले आहे, त्यामुळे तुमची काळजी मी समजू शकतो. पण दोन पानांवरच्या सोयाबीनमध्ये बदके सोडू नका, ती रोपे तुडवतात आणि कोवळी पाने खातात. सकाळी लवकर आणि संध्याकाळी, ओल असताना, बांधाने आणि चराच्या कडेने फिरवा. दिवसा गोगलगायी तिथेच लपतात.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या किंवा गूळ-कोंड्याचे विषारी आमिष ज्या रानात टाकले आहे तिथे बदक नेऊ नका. कोंड्याच्या वासाने बदक आधी आमिषाकडेच जाईल. विषाने मेलेल्या गोगलगायीही त्याने खाता कामा नयेत. एका हंगामात एका रानात आमिष तरी वापरा, नाहीतर बदके तरी. डाळिंबाच्या बागेलाही हेच लागू आहे. आपल्या बागांत फवारण्या इतक्या जवळजवळ होतात की बदकांसाठी बाग मी सरळ वर्ज्य सांगतो.

आता मंगळवेढ्याहून आलेले पत्र. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण पक्षी सगळ्यात जास्त इथेच दगावतात. पंचवीस पिल्ले आणली, मक्याचा भरडा आणि घरची शेंगदाणा पेंड घातली. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काही पिल्ले पायाने अधू झाली, काही मान मागे टाकून मेली. "रोग कोणता, औषध कोणते?" असे विचारले आहे.

पत्रावरून निदान पक्के करता येत नाही. मेलेले ताजे पिल्लू तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, कारण पिल्लांच्या विषाणूजन्य यकृतदाहातही मान अशीच मागे जाते. तरी तुमच्या खाद्याकडे पाहता दोन गोष्टी आधी तपासा.

पहिली गोष्ट, बुरशी. भुईमुगाच्या पेंडीवर आणि ओलसर मक्यावर वाढणारी पिवळट-हिरवी बुरशी अफलाटॉक्सिन नावाचे विष सोडते. पाळीव पक्ष्यांत या विषाला सगळ्यात हळवे असते ते बदकाचे पिल्लू. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, बदकांची पिल्लेही मेली, आणि त्या शोधातूनच हे विष जगाला कळले. पुढे पेंडीत विष आहे का हे ओळखायला बदकाच्या पिल्लांवरच चाचणी घेत. ज्या पेंडीने कोंबडीला काही झाल्याचे दिसत नाही, तीच पेंड बदकाचे यकृत निकामी करते. पेंड उन्हात वाळवली, भाजली, उकळली तरी विष जात नाही. म्हणून बदकाला शेंगदाणा पेंड घालूच नका, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. मका घेताना दाणा फोडून आणि वास घेऊन पाहा. कुबट वास आला तर परत करा. पावसाळ्यात भरडा पंधरा दिवसांपुरताच दळून आणा आणि पोते फळीवर ठेवा, फरशीवर नको. शिळी भाकरी ताजी भिजवून दिली तर हरकत नाही, पण बुरा आलेली देऊ नका. लोणचे, पापड, खारट उरलेसुरले, कांद्याची टरफले हेही नको.

दुसरी गोष्ट, नायसिन हे जीवनसत्त्व. बदकाच्या पिल्लाला ते कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागते आणि मक्यात ते असून नसल्यासारखे असते, पक्ष्याच्या अंगी लागत नाही. नुसत्या मक्यावरच्या पिल्लांचे पाय वाकतात, घोट्याचा सांधा सुजतो, पिल्लू बसूनच सरकते. गव्हाचा कोंडा, बारीक चिरलेला लसूणघास, शेवग्याचा पाला, अझोला (पाण्यावर वाढणारी हिरवी वनस्पती) सुरू करा आणि पाण्यातून बी-कॉम्प्लेक्स द्या. मात्रा पशुवैद्यकांकडून घ्या. लवकर सुरुवात केली तर पिल्ले उभी राहतात. पाय पुरते वाकल्यावर फारसा उपयोग होत नाही.

पिल्लांना पहिले चार आठवडे 20 टक्के प्रथिनांचे स्टार्टर खाद्य पाण्यात ओलसर कालवून द्या. तेवढेच कालवा जेवढे तासाभरात संपेल. आपल्या हवेत ओले खाद्य दुपारपर्यंत आंबते. पहिल्या आठवड्यात बल्बखाली 32 अंशांच्या आसपास ऊब ठेवा आणि दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करा. पिल्ले बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे, लांब पळाली तर उकडते आहे. पाण्याच्या ताटलीत गोटे टाका. आईशिवाय वाढलेल्या पिल्लांच्या पिसांना तेलकटपणा आलेला नसतो, त्यामुळे ती खोल पाण्यात भिजून गारठतात आणि बुडतात.

मोठ्या बदकांचे खाद्य घरी करायचे असेल तर 100 किलोसाठी मका किंवा ज्वारीचा भरडा 50 किलो, गव्हाचा कोंडा 20, तेल काढलेली सोयाबीन पेंड 22, शिंपल्यांची पूड 6 आणि खनिज मिश्रण 2 किलो घ्या. वरून 300 ग्रॅम मीठ. कच्चे सोयाबीन दळून घालू नका, ते पचत नाही. अंड्यावरच्या मादीला दिवसाला 130 ते 150 ग्रॅम लागते. बांधावर चरायला मिळाले तर यात बचत होते. हे शिंपल्यांचे मिश्रण पिल्लांना नको, जास्तीच्या चुन्याने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात.

मोहोळच्या एका तरुण शेतकऱ्याने शेततळ्यात बदके सोडण्याबद्दल विचारले आहे. मातीचे शेततळे आणि त्यात मासे असतील तर ही जोडी चांगली जमते. हेक्टरी 200 ते 300 बदके हे प्रमाण धरा. 30 बाय 30 मीटरच्या तळ्यात वीस-बावीस बदके फार झाली. प्लॅस्टिकच्या तळ्याचे मात्र तसे नाही. उतारावरून बदकाला वर चढता येत नाही, थकून ते बुडते. सोडायचीच असतील तर गोणपाट गुंडाळलेली फळी किंवा जाळीची पायवाट काठाला पक्की बांधा. शिवाय विष्ठेने पाण्यात शेवाळ वाढते आणि ठिबकचे फिल्टर तुंबतात. ठिबकसाठी साठवलेल्या पाण्यात मी बदके सोडणार नाही.

अक्कलकोटच्या ताईंना बदके आणि गावरान कोंबड्या एकाच खुराड्यात ठेवायच्या आहेत. नको. बदके पाणी सांडून अंथरूण ओले करतात आणि कोंबड्या सर्दीने धरतात. नर बदके कोंबड्यांवर चढून त्यांना जखमी करतात. कोंबड्यांना मऊ कवचाची अंडी घालायला लावणारा एक विषाणू मुळात बदकांतूनच येतो. बर्ड फ्लूचा विषाणूही बदक कधी कधी काही लक्षण न दाखवता अंगावर वागवते. 2006 मध्ये नवापूरला आणि 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्याला बर्ड फ्लूने काय झाले ते आपल्याला माहीत आहे. दोन्ही पक्षी वेगळे ठेवा, स्थलांतरित पक्षी उतरतात त्या तलावांवर बदके नेऊ नका आणि एकदम पाच-सात पक्षी मेले तर न कापता, न फेकता दवाखान्यात कळवा. डक प्लेग या बदकांच्या विषाणूजन्य रोगाची लस 8 ते 12 आठवड्यांच्या वयात देतात. दवाखान्यात साठा आहे का, हे पिल्ले आणण्याआधीच विचारून ठेवा.

सोलापूर शहरातल्या हद्दवाढ भागातून एका आजोबांनी लिहिले आहे की नातवंडांना बदके हवी आहेत, ती माणसाळतात का आणि शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होईल का.

आजोबा, पहिल्या दिवसापासून हाताने भरवलेली पिल्ले माणसामागे फिरतात, हाक ओळखतात. मुलांना यासारखा आनंद नाही. पण ही जात चपळ आणि थोडी भित्री आहे, मांडीवर बसेल अशी अपेक्षा नको. मुलांना एकच शिकवा: पाय धरून उचलायचे नाही. बदकाचा पाय नाजूक असतो, लगेच दुखावतो. पंखांसकट अंगाला दोन्ही हातांनी धरायचे. एकटे बदक कधीच पाळू नका, निदान तीन ठेवा. "क्वॅक क्वॅक" असा मोठा आवाज मादीचा असतो, नर घोगरा आणि हळू बोलतो, शेपटीवर त्याची पिसे वर वळलेली असतात. खायच्या अंड्यांसाठी नर लागत नाही. पिल्ले हवी असतील तरच सहा-सात माद्यांमागे एक नर ठेवा, आणि अंडी कोंबडीखाली उबवा, कारण ही जात स्वतः क्वचितच खुडूक बसते. पिल्ले 28 दिवसांनी निघतात. मुलांना अंडे पूर्ण उकडूनच द्या, अर्धे कच्चे नको. कोंबडीच्या अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्याला हेही सोसेलच असे नाही.

रात्री कुत्री, मुंगूस आणि रानमांजर यांपासून राखण हवी. नान्नजच्या माळाकडच्या गावांत कोल्हे-लांडगेही येतात. खालचे दोन फूट बारीक जाळी लावा आणि ती वीतभर जमिनीत पुरा.

डिसेंबर-जानेवारीत अंडी का कमी होतात, असेही बऱ्याच जणांनी विचारले. तेव्हा आपल्याकडे दिवस जेमतेम 11 तासांचा असतो आणि अंड्यासाठी 14 तासांच्या आसपास उजेड लागतो. पहाटे तीन तास खुराड्यात छोटा बल्ब लावा, रोज त्याच वेळी. पिसे गळत असताना मात्र बल्बचाही उपयोग नाही, दीड-दोन महिने वाट पाहावी लागते.

विक्रीसाठी शंभर बदके घेऊ का, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर सध्या नाही असे आहे. बंगाल, आसाम, केरळात बदकाच्या अंड्याला घरोघरी मागणी आहे, आपल्या बाजारात तसे तयार गिऱ्हाईक नाही. आधी सहा माद्या वर्षभर सांभाळा, शेजारी आणि ओळखीची हॉटेले अंडी घेतात का पाहा. पिल्ले खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या. बेंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला केंद्र सरकारच्या कुक्कुट संस्थेत या जातीची पैदास होत आली आहे, तिथे आधी नोंदणी करून चौकशी करा. आठवडी बाजारात खाकी रंग पाहून घेतलेले पिल्लू याच जातीचे असेल याची हमी नसते. जुलै-ऑगस्टमध्ये आणलेली पिल्ले पुढच्या कडक उन्हाच्या आत मोठी होऊन अंड्यावर आलेली असतात. एप्रिल-मेमध्ये कोणी स्वस्तात देत असले तरी घेऊ नका.