सर्रातून उठलेली घोडी आणि जानेवारीतले ४० किलोमीटर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नऊ वर्षांची मारवाडी घोडी चांदणी, सप्टेंबरच्या शेवटी सर्रा (चावणाऱ्या माश्यांमुळे पसरणारा, रक्तातल्या परजीवीचा आजार) झाला, त्यावरचं औषध क्विनापायरामाइन दिलं, आता नोव्हेंबर संपत आलाय. रक्ताची काच (सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) स्वच्छ आली आहे, पीसीव्ही, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण, १७ वरून २७ वर आलाय, घोडी पोटभर खाते आणि सकाळी सोडली की पॅडॉकमध्ये शेपूट उभारून पळते. प्रशिक्षक म्हणतात जानेवारीच्या ४० किलोमीटर एन्ड्युरन्सला, म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीच्या स्पर्धेला, नाव घाला, प्रवेश फीही भरून झाली आहे. घालू का?

नका घालू. फी जाऊ द्या. ती पॅडॉकमध्ये पळते याचा अर्थ तिला बरं वाटतंय एवढाच. बरं वाटणं आणि ४० किलोमीटर पाठीवर माणूस घेऊन जाऊन नाडी वेळेत खाली आणणं, यांच्यात कित्येक महिन्यांचं अंतर असतं. हे मी माझ्या घोड्याच्या जिवावर शिकलो आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी रक्ताच्या काचेबद्दल. सर्राचा परजीवी रक्तात लाटांनी येतो. ताप असतो तेव्हा काचेवर दिसतो, मधल्या दिवसांत शोधूनही सापडत नाही. त्यामुळे ताप नसताना घेतलेली एक स्वच्छ काच फारसं काही सांगत नाही. अँटिबॉडीची तपासणी उलट्या बाजूने फसवते, कारण उपचार यशस्वी झाल्यावरही ती कित्येक महिने पॉझिटिव्ह येऊ शकते. तुमच्या डॉक्टरांना पीसीआरबद्दल (परजीवीचा डीएनए शोधणारी तपासणी) विचारा. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र सर्रावर वर्षानुवर्षं काम करतंय, नमुना कसा आणि कुठे पाठवायचा ते डॉक्टर सांगतील. आणखी एक विचारा: दिलेलं औषध नुसतं सल्फेट होतं की सल्फेट-क्लोराइडचं मिश्रण? मिश्रणाचं संरक्षण साधारण तीन महिने धरतात. सप्टेंबरअखेर दिलं असेल तर ते नेमकं राइडच्या आधी डिसेंबरअखेरीस संपतं. थकवा, प्रवास, परका तबेला आणि संपलेलं संरक्षण एकाच आठवड्यात येणं मला अजिबात आवडत नाही.

यावर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरी तपासणी म्हणजे थर्मामीटर. सकाळी कामाआधी आणि संध्याकाळी, रोज त्याच वेळी, निदान आठ आठवडे. ९९.५ ते १०१.३ फॅरनहाइट ठीक. त्याच्या वर गेलं की त्याच तासाला डॉक्टरांना फोन करा आणि ताप असतानाच रक्त घ्यायला लावा. या काळात फ्लुनिक्सिन किंवा ब्यूट ही वेदनाशामकं ‘जरा अंग दुखत असेल’ म्हणून देऊ नका. ताप दबतो आणि तुमच्या वहीतला एकुलता एक खरा साक्षीदार गप्प होतो. शिवाय ही औषधं अंगात असताना स्पर्धेत उतरता येत नाही, हा भाग वेगळाच.

आता पीसीव्ही. २७ ऐकून तुम्हाला हायसं वाटलं असणार, पण हा आकडा जपून वाचावा लागतो. घोडा तांबड्या पेशींचा मोठा साठा प्लीहेत ठेवतो. तो घाबरला, चिडला किंवा पळाला की प्लीहा आकुंचन पावते, तो साठा रक्तात येतो आणि पीसीव्ही पाहता पाहता वाढतो. सुई बघून चांदणी नाचली असेल तर तुमचा २७ खरा २७ नसेलही. दर वेळी रक्त सकाळी, शांत उभी असताना, नेहमीच्या सईसच्या हातात असताना घ्या. दुसरी अडचण घोड्याची खास आहे: गाई-कुत्र्यांमध्ये कोवळ्या तांबड्या पेशी रक्तात दिसतात आणि अस्थिमज्जा कामाला लागल्याचं लगेच कळतं. घोड्याची अस्थिमज्जा अशा पेशी बाहेर सोडतच नाही. म्हणून एका तपासणीने काही कळत नाही, दोन-दोन आठवड्यांनी घेतलेले आकडे ओळीने मांडावे लागतात. मारवाडीला मी ३२ च्या आसपास लागोपाठ तीन स्थिर आकडे आल्याशिवाय ट्रॉटच्या (दुडक्या चालीच्या) पुढे नेत नाही. थरोब्रेडला याहून जास्त लागतो. रेसकोर्सवरून निवृत्त झालेल्या घोड्यांचे मालक तुम्हाला त्यांचे आकडे सांगतील, त्यांच्याशी तुलना करू नका.

लोहाची इंजेक्शनं मात्र नको. रक्त कमी म्हटलं की कुणीतरी हमखास सुचवतं. सर्रात पेशी नष्ट होतात, लोह अंगातच राहतं, आणि घोड्याला शिरेतून लोह दिल्यावर जीव गेल्याची उदाहरणं आहेत. चांगली लसूणघास, भिजवलेलं जवस, जरा तेल, मीठ, आणि वेळ. घोड्याची तांबडी पेशी जवळजवळ पाच महिने जगते. रक्त पूर्ण नवं व्हायला किती काळ लागेल याचा अंदाज त्यावरूनच करा. दाणा एकदम वाढवू नका, अशक्त घोड्याला पोटशूळ व्हायला तेवढं निमित्त पुरतं.

माझ्या बादलची गोष्ट सांगतो. काठियावाडी, तेव्हा अकरा वर्षांचा. पावसाळ्यात सर्रा झाला, औषध झालं, काच स्वच्छ आली, दिवाळीपर्यंत कांती परतली. डिसेंबरात मी त्याला ४० किलोमीटरला नेला. पहिला फेरा छान गेला, मी तर खूश होतो. व्हेट गेटला, म्हणजे डॉक्टर घोडा तपासतात त्या थांब्याला, आलो तेव्हा नाडी ७६. पाणी मारलं, सावलीत चालवला, ६८ झाली. ठरलेल्या वेळेत नाडी ६४ वर आली पाहिजे ही मर्यादा आपल्या सगळ्यांना पाठ असते, आणि मी घड्याळाकडे बघत मनातल्या मनात तो काटा ढकलत होतो. वेळ संपली तेव्हा ६६. आम्हाला बाद केलं. मी त्या डॉक्टरांशी नीट बोललोसुद्धा नाही, त्याची लाज आजही वाटते. नवव्या दिवशी बादलला १०४ ताप आला, पोटाखाली सूज उतरली, मागचे पाय ओढायला लागला. आजार उलटला होता. पुढचे दहा महिने त्यातच गेले.

नंतर मी घरची वही उघडली. सगळं तिच्यात लिहिलेलं होतं. ऑक्टोबरात कामानंतर दहा मिनिटांनी नाडी ५२ यायची, नोव्हेंबरात ५६, शेवटच्या आठवड्यात ६०. काम तेच, रस्ता तोच, हवा उलट गार झालेली. मी आकडे लिहीत होतो, वाचत नव्हतो. आमच्या सईसने आठवडाभर आधी सांगितलं होतं की घोडा चढावर मधेच थांबून मान खाली घालतो. मी म्हटलं आळस आहे.

म्हणून तुमच्याकडून मला एवढंच हवंय: वही. स्टेथोस्कोप डाव्या कोपराच्या मागे, पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. सकाळी उठल्यावरची नाडी (निरोगी घोड्यात २८ ते ४४), काम संपताच, आणि बरोबर दहा मिनिटांनी. आठवड्यातून एकदा व्हेट गेटवर करतात ती चाचणी घरी करा: नाडी मोजा, ४० मीटर ट्रॉटने नेऊन परत आणा, निघाल्यापासून एक मिनिटाने पुन्हा मोजा. दुसरा आकडा पहिल्याइतका किंवा कमी असला पाहिजे. चार-सहा ठोके जास्त येऊ लागले तर घोडी दमलेली आहे किंवा कुठेतरी दुखतंय, चेहरा कितीही ताजा दिसो. त्याच वेळी हिरडीचा रंग बघा, अंगठ्याने दाबून सोडा, दोन सेकंदांच्या आत गुलाबी परत आलं पाहिजे.

सर्रात एक गोष्ट विसरली जाते ती म्हणजे मज्जासंस्था. परजीवी तिथे जाऊन बसला तर रक्तातलं औषध त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही, आणि आजार तिथून उलटतो. चांदणीला घट्ट वर्तुळात दोन्ही बाजूंना वळवा, चार पावलं मागे न्या, चालताना शेपटी हलकेच एका बाजूला ओढा. मागचा भाग लवकर सावरतो का? मागच्या खुरांचं पुढचं टोक इतर खुरांपेक्षा जास्त घासलंय का? नालबंदाला विचारा, तो ते आपल्या आधी बघतो. यातलं काही जरी खटकलं तरी काम बंद, डॉक्टर आधी.

कामाचं म्हणाल तर पहिला महिना फक्त चालणं. दहा मिनिटं दोनदा इथून सुरू करून दीड तासापर्यंत, आधी हातात धरून, मग पाठीवर बसून. खोगीर पुन्हा बसवून घ्या, कारण आजारात पाठीचे स्नायू उतरतात आणि जुनं खोगीर मानेच्या मुळाशी टेकायला लागतं. मला हे तिसऱ्या जखमेनंतर कळलं. मग सपाट मऊ वाटेवर ट्रॉट, दोन-दोन मिनिटांचे तुकडे. अंतर, वेग, चढ यांतली एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवा. दम लवकर परत येतो, स्नायू दोन-तीन महिने घेतात, स्नायुबंध आणि हाडं त्याहून उशिरा तयार होतात. म्हणून नाडी छान आली तरी मनाला आवर घाला. घोडी ‘मागते’ तेव्हाच पायात बिघाड होतो.

घोडमाश्यांचा बंदोबस्तही कामाचाच भाग आहे. त्या भर उन्हात चावतात, म्हणून स्वारी पहाटे किंवा संध्याकाळी, दुपारी आत, पंखा लावून. आसपास म्हशी-उंट असतील तर त्यांच्यात सर्रा लक्षणांशिवाय असू शकतो. पागेतल्या बाकी घोड्यांचंही रक्त तपासा आणि एकाची सुई दुसऱ्याला कधीच वापरू नका.

स्पर्धा कधी, हे तुम्ही विचारणारच. जानेवारीत तिथे जा, पण चांदणीला न उतरवता जा. शक्य असेल तर आजाराआधी केलेल्या छोट्या प्रवासासारखा एक प्रवास फेब्रुवारीत करा: ट्रेलर, परकी पागा, एक रात्र, सकाळी ट्रॉट दाखवून परत. पुढचे दहा दिवस ताप घेत राहा. ते दहा दिवस स्वच्छ गेले, पीसीव्ही टिकला, तर घरच्या वाटेवर वीस किलोमीटर, वेगाची घाई न करता. उन्हाळ्यात वाढवू नका, पावसाळ्यात माश्यांमुळे सांभाळा. पुढच्या नोव्हेंबरात ४० किलोमीटर, दिलेल्या वेळेत जेमतेम बसेल इतक्या सावकाश. आणि कोणत्या आकड्यावर तुम्ही स्वतःहून उतरणार ते आदल्या रात्री लिहून सईसच्या हातात द्या. पाठीवर असताना तो निर्णय होत नाही.

प्रशिक्षकांना हे सगळं दाखवा. ते अनुभवी असतील, घोडीबद्दल त्यांची माया असेल, मला शंका नाही. पण त्यांना रोज तीच घोडी दिसते, वही मात्र तुमच्याकडे असेल.

बादल दुसऱ्या वेळी चौदा महिन्यांनी उतरला. शेवटच्या गेटवर सहाव्या मिनिटाला ५६. त्या दिवशी आम्ही कितवे आलो ते आठवत नाही.

उद्यापासून दोन आठवड्यांचं सकाळ-संध्याकाळचं तापमान आणि तीन नाड्या लिहा, आणि पुढचं रक्त झालं की सगळे आकडे इथे टाका. मी बघतो.