ऐनवेळी हात सुटला तर?

अडथळ्यांच्या शर्यतीची तयारी करणारे समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा तक्रार शरीराची क्वचितच असते. धावणं जमतंय, दम टिकतोय, वजनही उतरलंय. प्रश्न एकच, आणि तो इतक्या जणांकडून ऐकलाय की सुरुवात झाली की शेवट कळतो: "सगळ्यांसमोर हात सुटला तर?"

त्यांतल्याच एक बाई. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) चाळिशी ओलांडलेली, स्वभाव शिस्तीचा. 10 किलोमीटर आणि 25 अडथळ्यांच्या शर्यतीत ऑफिसातल्या सहकाऱ्यांबरोबर नाव दिलेलं. तारीख जवळ आली तशी झोप उडाली. डोळ्यांसमोर मंकी बार (लटकत एकेक दांडा पकडत पुढे सरकायचा अडथळा), खाली चिखल आणि मागे खोळंबलेले सहकारी.

आत्मविश्वास वाढवून द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी त्या वाटेला गेले नाही. "तुला जमेल" हे घरचे रोज सांगतच होते, आणि त्यानं धास्ती वाढत होती. न जमलं तर आता तेही हिरमुसणार होते. मी त्यांच्या सरावाबद्दल बारीकसारीक विचारत राहिले.

"बारला लटकता तेव्हा काय होतं?"

"तळव्यांची आग होते. मग कोपरापर्यंत हात भरून येतो. बोटं उघडायला लागली की उतरते."

"हात सुटून किती वेळा पडलात?"

"एकदाही नाही!" हे त्यांनी ताठ बसून सांगितलं.

मी गप्प राहिले. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "म्हणजे... सुटायच्या आधीच मी उतरते. दर वेळी."

माझ्या मते खरं काम या वाक्यापासून सुरू झालं. इतक्या महिन्यांच्या घामात त्यांनी सगळं कमावलं होतं, फक्त पडणं तेवढं टाळलं होतं. वेळेआधी उतरलं की हायसं वाटतं, आणि हायसं वाटलं की मन धडा घेतं: वाचलो, म्हणजे धोका खराच होता. अशी भीती सरावानं कमी होत नाही, उलट मुरते.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांना मानणारी. तरुणपणी स्त्रियांशी बोलायला घाबरणारे एलिस न्यूयॉर्कच्या बॉटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी मुद्दाम बोलू लागले. नकार भरपूर मिळाले, पण त्यानं आभाळ कोसळत नाही हे अनुभवानं कळलं. आम्हीही तेच केलं. बार बुटका, पाय जमिनीपासून वीतभर वर. बोटं आपोआप उघडेपर्यंत लटकायचं, गुडघे सैल ठेवून दोन्ही पायांवर उतरायचं आणि न थांबता पुढच्या व्यायामाला लागायचं. आधी एकट्यानं, मग प्रशिक्षकासमोर, मग गर्दीच्या वेळी.

गर्दीतल्या पहिल्या पडण्यानंतर त्या आल्या. "एकानं बघितलं, मॅडम. पाणी पीत होता. बघितलं आणि परत पाणी प्यायला लागला." हे सांगताना त्यांचा चेहरा किती मोकळा झाला होता!

मग आम्ही शर्यतींचे नियम वाचले. स्पार्टन रेसमध्ये अडथळा चुकला की शिक्षा म्हणून 30 बर्पी (खाली वाकून पाय मागे टाकायचे आणि उठून उडी मारायची, असा व्यायाम), असा नियम वर्षानुवर्षं होता. टफ मडरमध्ये तर अडथळा सोडून पुढे जायची मुभा आहे. "म्हणजे पडणारे असणारच, हे त्यांनी गृहीत धरलंय," त्या म्हणाल्या. हे त्यांना स्वतःहून सुचलं याचा मला फार आनंद झाला.

शर्यतीत मंकी बारवर अर्ध्यात त्यांचा हात सुटलाच. शिक्षेच्या बर्पी मारताना शेजारी आणखी चौघं होती. त्यांतल्या एकीला खांदा देऊन त्यांनी पुढची भिंत चढवली आणि शर्यत पुरी केली.

तुम्ही तयारीत असाल तर आठवड्यातून एकदा असा सराव ठेवा, ज्यात हात सुटणारच. तोही धावून दमल्यावर, ओल्या हातांनी, कारण शर्यतीत बार तसाच समोर येतो. खांदा दुखत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. आणि घरच्यांनी "जमेल" म्हणण्याऐवजी विचारावं, "पडलास तर लगेच पुढे काय करशील?" उत्तर त्यालाच देऊ द्यावं.