यादीत न लिहिलेलं चौथं मूल्य

‘ताई, वय ४३. नोकरी, संसार सगळं सुरळीत आहे, पण दिवस माझा वाटत नाही. मला काय महत्त्वाचं आहे ते मागे एकदा लिहून काढलं होतं : आपली माणसं, प्रामाणिकपणा, शिकत राहणं. परवा तो कागद सापडला. भाऊ आजारी होता तेव्हा धावले, तेवढंच काय ते त्यातलं जगले. एरवी कुणी काही सांगितलं की तोंडून हो निघतं आणि रात्री पुस्तक उघडायचंही त्राण उरत नाही. मी ढोंगी आहे का?’

नाही. ढोंग लोकांना दाखवण्यासाठी असतं. तुम्ही तर तो कागद कुणाला दाखवलाही नाहीत.

माझ्या मते तुमची यादी अपुरी आहे. ‘कुणाचं मन मोडायचं नाही’ हे चौथं मूल्य त्यात लिहिलेलंच नाही आणि दिवसभर राज्य त्याचंच चालतं. मानसशास्त्रज्ञ शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये माणसाच्या १० मूलभूत मूल्यांची मांडणी वर्तुळात केली. शेजारची मूल्यं एकमेकांना धरून असतात, समोरासमोरची एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. स्वतःच्या बुद्धीने चालणं, नवं शोधणं एका बाजूला. इतरांच्या अपेक्षांना धरून वागणं जवळपास त्याच्या समोर. म्हणजे तुमची ही ओढाताण स्वभावाचा दोष नाही. चौथं मूल्यही वाईट नाही, भावासाठी धावताना त्याचा थोडा हात असेलच. फक्त ते तुम्ही निवडलेलं नाही, आपसूक येऊन बसलंय.

आणि प्रामाणिकपणाचं काय? मनात नसताना दिलेला होकार खोटाच असतो हो! हे जरा कठोर वाटेल, पण यातूनच वाट निघेल असं मला मनापासून वाटतं.

सगळं आयुष्य बदलायला निघू नका. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनात दिसलं की नुसत्या संकल्पापेक्षा ‘अमुक घडलं, तर मी तमुक करीन’ असं आधी ठरवलेलं जास्त पाळलं जातं. तुम्ही एवढंच ठरवा : कुणी काम सांगितलं, तर ‘उद्या सांगते’ म्हणायचं. रात्री तो कागद समोर घेऊन उत्तर ठरवायचं. काही होकार राहतील, ते खरे असतील. एखादी मैत्रीण रुसेल, ‘तू बदललीस’ म्हणेल. लगेच समजूत काढायला धावू नका.

एक राहिलं. काय शिकायचंय, ते पत्रात कुठेच लिहिलं नाहीत. पुढच्या पत्रात आधी ते कळवा.