नवोदय प्रवेश परीक्षेत मुलाचे उताऱ्यावरील प्रश्न चुकतात. तयारी कशी करून घ्यावी?

आपला मुलगा पाचवीत आहे, गणित आणि मानसिक क्षमता चाचणी या दोन्ही विभागांत तो पक्का आहे, परंतु उताऱ्याखालच्या पाच प्रश्नांपैकी दोन-तीन दर वेळी चुकतात, असे आपण लिहिले आहे. ‘आधी प्रश्न वाचायचे, मग त्यातील शब्द उताऱ्यात शोधून उत्तर काढायचे’ ही शिकवणीत सांगितलेली पद्धत योग्य आहे का, आणि रोज किती उतारे सोडवून घ्यावेत, असे आपण विचारले आहे. पद्धत योग्य नाही. मी एकतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले आणि त्यांपैकी एक संपूर्ण वर्ष हीच पद्धत माझ्या वर्गाला शिकवली, म्हणून हे उत्तर लिहायला बसलो आहे.

ही पद्धत वेळ वाचवण्यासाठी आहे, असे सांगितले जाते. जवाहर नवोदय विद्यालयांत, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळांत, सहावीला प्रवेश देणाऱ्या या परीक्षेची रचना आपल्याला ठाऊकच आहे: 80 प्रश्न, 100 गुण, दोन तास, आणि त्यात भाषेचे 20 प्रश्न 25 गुणांसाठी. चार उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न आणि भाषेसाठी अर्धा तास, म्हणजे एका उताऱ्याला साडेसात मिनिटे मिळतात. उतारा लहान असतो. पाचवीतील मुलाने तो सावकाश वाचला तरी दोन-तीन मिनिटांत वाचून होतो आणि दुसऱ्यांदा वाचायलाही वेळ उरतो. वाचवण्याची गरजच नसलेला वेळ वाचवण्यासाठी आपण मुलाला न वाचण्याची सवय लावतो, हा माझा पहिला आक्षेप आहे. दुसरा आक्षेप मला एका विद्यार्थिनीने शिकवला.

माण तालुक्यातील एका लहान शाळेत माझ्याकडे पाचवीचा वर्ग होता. वर्गातील एक मुलगी मेंढपाळाच्या घरची होती. दिवाळी झाली की आई-वडील मेंढरांचा वाडा घेऊन कोकणाच्या बाजूला उतरत आणि ती आजीजवळ गावात राही. तोंडी हिशेबात तिच्या जवळपास जाणारे दुसरे मूल मला माझ्या नोकरीत फार क्वचित भेटले. नवोदयला हीच मुलगी लागेल, असे मी जूनमध्येच घरी बोलून दाखवले होते. मी तोपर्यंत परिपाठानंतरची वीस मिनिटे वर्गाला मोठ्याने वाचून दाखवत असे. कधी गोष्ट, कधी वर्तमानपत्रातील बातमी, कधी एखाद्या प्राण्याची किंवा प्रदेशाची माहिती, आणि मग त्यावर गप्पा. त्या वर्षी शाळेत नवे मुख्याध्यापक आले. गोष्टी वाचून निकाल लागत नाहीत, असे त्यांचे ठाम मत होते. माझी वीस मिनिटे बंद झाली आणि त्या जागी सराव संच आले. प्रश्नातील मुख्य शब्दाखाली रेघ मारायची, उताऱ्यात तो शब्द शोधायचा, ते वाक्य वाचायचे आणि त्याच्याशी जुळणाऱ्या पर्यायाचे वर्तुळ रंगवायचे, अशी ती पद्धत होती. मी विरोध केला, पण तो स्टाफरूममध्ये बोलण्यापुरताच. वर्गात मी मला सांगितले गेले तसेच शिकवले.

पद्धत यशस्वी झाल्यासारखीही दिसली. त्या मुलीला सराव संचात 20 पैकी 17, 18 प्रश्न बरोबर येऊ लागले. त्या संचांतील प्रश्न उताऱ्यातीलच वाक्ये उलटीसुलटी करून तयार केलेले असत, हे माझ्या लक्षात यायला डिसेंबर उजाडला. मनात शंका आली म्हणून एका रविवारी मी स्वतः दोन उतारे लिहिले आणि सोमवारी वर्गाला दिले.

पहिला उतारा मेंढपाळांवर होता. सुगी झाल्यावर शेतकरी मेंढपाळाला बोलावून आपल्या रानात रात्री मेंढरे बसवतो आणि सकाळी त्याला धान्य देतो, एवढेच मी लिहिले होते. खताचा उल्लेख मुद्दाम टाळला होता. ‘शेतकरी धान्य का देतो?’ या प्रश्नाला त्या मुलीने ‘जमिनीला खत मिळते म्हणून’ हा पर्याय क्षणात निवडला. वर्गात सर्वांत अस्खलित वाचणारा मुलगा एका शिक्षकांचा होता आणि त्याच्या घरी पुस्तकांचे कपाट होते. त्याने ‘मेंढपाळ गरीब असतो म्हणून’ हा पर्याय निवडला.

दुसरा उतारा समुद्रकाठचा होता. होडी वाळूवर टेकली, अजून सहा तास होते, कोळ्यांनी जाळी सुकत घातली आणि सावलीला अंग टेकले. ‘कोळी कशाची वाट पाहत होते?’ असा प्रश्न होता. शिक्षकांच्या मुलाने ‘भरतीची’ असे बरोबर उत्तर दिले. तो आदल्याच वर्षी मुरुडला जाऊन आला होता. त्या मुलीने ‘मदतीला येणाऱ्या माणसांची’ हा पर्याय निवडला. कारण विचारल्यावर ती म्हणाली, “गुर्जी, गाडी रुतली की ढकलाया मानसं येत्यात. त्यांचीच वाट बघायला लागती.”

या उत्तरावर मी अनेक वर्षे विचार केला आहे. तिच्या तर्कात काडीची चूक नव्हती. रुतलेले वाहन, थांबलेली माणसे आणि ठरलेला वेळ या तिन्ही गोष्टी तिने नीट जोडल्या होत्या. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि उतरते, एवढी एकच गोष्ट तिला कोणी सांगितलेली नव्हती. ती सांगण्याची जागा म्हणजे माझी ती वीस मिनिटे होती.

मी दोन्ही उतारे आणि मुलांची उत्तरे घेऊन मुख्याध्यापकांकडे गेलो. परीक्षेला महिना राहिलेला असताना नवे प्रयोग नकोत, असे त्यांनी सांगितले, आणि मी मान्य केले. परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या फाटकाबाहेर मी उभा होतो. ती बाहेर आली आणि एवढेच म्हणाली, “शब्द सापडलंच न्हाईत, गुर्जी.” निवड यादीत तिचे नाव नव्हते. सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते, हे आपल्याला माहीत आहे. पुढे ती गावच्याच हायस्कुलात शिकली.

निवृत्तीनंतर माझ्या वाचनात 1988 सालचा एक अमेरिकी प्रयोग आला. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या दोन संशोधिकांनी 64 शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले आणि मग त्यांना काय समजले, काय आठवते, हे तपासले. वाचनात कच्ची ठरलेली, पण बेसबॉलची जाण असलेली मुले, वाचनात हुशार पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली. मला त्यात माझा मेंढरांचा उतारा दिसला. आकलन ही सायकल चालवण्यासारखी एकदा शिकली की कोणत्याही रस्त्यावर चालणारी गोष्ट नाही. मूल ज्या विषयाबद्दल थोडेफार जाणते, त्या विषयावरचा उतारा त्याला समजतो. नवोदयमध्ये जिल्ह्यातील किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात आणि ते योग्यच आहे. परंतु शिक्षकाचा मुलगा आणि मेंढपाळाची मुलगी ही दोन्ही मुले कागदावर सारखीच ग्रामीण असतात.

आता आपल्या मुलाविषयी. त्याचे प्रश्न का चुकतात, हे आपल्या प्रश्नावरून मला कळत नाही, आणि शिकवणीवाल्यांनाही ते कळलेले नसावे. एरवी त्यांनी सर्वांना एकच औषध दिले नसते. आज त्याला परिसर अभ्यासाच्या पुस्तकातील न वाचलेले एक पान मोठ्याने वाचायला लावा. तो जोडाक्षरांवर अडखळत असेल, विरामचिन्हे ओलांडून जात असेल, तर त्याचे सारे लक्ष अक्षरांवरच खर्च होते आणि अर्थासाठी काही उरत नाही. अशा मुलाला उतारे देणे थांबवून रोज पंधरा मिनिटे प्रकट वाचन द्यावे. त्याच्या गणितावरून ही अडचण ओळखू येत नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ग्रामीण शिक्षणावरील ‘असर’ या अहवालासाठी 2005 पासून घरोघरी जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचायला दिला जातो आणि पाचवीतीलही असंख्य मुलांना तो ओघाने वाचता येत नाही, असे पुन्हा पुन्हा दिसले आहे. आपला मुलगा त्यांच्यातला नाही, हे गृहीत धरू नका.

वाचन ओघवते असेल, तर चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाला ‘हे उत्तर तुला का वाटले?’ असे विचारा आणि तो बोलत असताना मध्ये दुरुस्ती करू नका. माझ्या अनुभवात बहुतेक चुका तीन ठिकाणी होतात. पहिले ठिकाण म्हणजे ‘तो’, ‘त्यांनी’, ‘त्यामुळे’, ‘यापैकी’ असे शब्द. उताऱ्यात दोन माणसे आली की ‘त्याने’ म्हणजे नेमके कोणी, हे मुलांना सुटत नाही. रोजच्या वाचनात बोट ठेवून ‘हा तो कोण?’ असे विचारत राहिल्यास दोन महिन्यांत फरक पडतो. दुसरे म्हणजे पुस्तकी मराठीतील वाक्याची घडण. ‘पूर ओसरल्यावर परतलेल्या गावकऱ्यांना भिंती खचलेल्या दिसल्या’ या एका वाक्यात चार घटना आहेत आणि भिंती कधी खचल्या, याचे उत्तर क्रियापदांच्या रूपांत दडलेले आहे; घरी आपण असे बोलत नाही, त्यामुळे मुलाच्या कानाला ही घडण परकी असते. ती कानावर पडण्याचा मार्ग मोठ्याने वाचून दाखवणे हाच आहे, आणि पाचवीतील मुलगा त्यासाठी फार मोठा झालेला नसतो. तिसरे ठिकाण प्रश्नातच असते: ‘कोणते विधान बरोबर नाही’ यातील ‘नाही’ निसटते. तेवढ्यापुरती पेन्सिलची रेघ मी मान्य करतो.

पुस्तक कोणते घ्यावे, असे आपण विचारलेले नाही, पण पुढे विचाराल म्हणून लिहितो. बाजारातील मार्गदर्शक संचांवर खर्च करण्यापूर्वी तिसरी, चौथी आणि पाचवीची परिसर अभ्यासाची पुस्तके घरात आणा. पाणी, पिके, वारे, प्राणी, किल्ले, ग्रामपंचायत, आजार असे परीक्षेच्या उताऱ्यांत शोभतील असे विषय तिथे सोप्या भाषेत आहेत, आणि मुले ती पुस्तके केवळ प्रश्नोत्तरांपुरती उघडतात. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. रोज एक लेख आपण वाचून दाखवावा, एक त्याने वाचावा, आणि जेवताना त्यावर बोलावे. नकाशा भिंतीवर लावावा. आपण शेतात, दुकानात किंवा बँकेत जाताना त्याला बरोबर न्यावे आणि तिथे काय चालले आहे, ते सांगावे. हे सर्व मी गप्पा म्हणून सांगत नसून परीक्षेची तयारी म्हणूनच सांगत आहे, कारण भरती-ओहोटी माहीत असलेल्या मुलाला तो प्रश्न सोडवायला कोणतीही युक्ती लागत नाही.

उतारे सोडवणे अगदीच नको, असे माझे म्हणणे नाही. शेवटच्या सहा आठवड्यांत एक दिवसाआड दोन उतारे, घड्याळ लावून, पेनने वर्तुळे रंगवत सोडवून घ्यावेत; क्रम मात्र एकच ठेवावा: पूर्ण उतारा वाचायचा, तो एका वाक्यात स्वतःच्या शब्दांत सांगायचा, मग प्रश्न वाचायचे आणि उत्तराची खात्री करण्यासाठी उताऱ्याकडे परत जायचे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू देऊ नये.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या वर्षी आमच्या केंद्रातून, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातून, दोन मुलांची निवड झाली आणि ती दोघेही त्याच सराव संचांवर तयार झालेली होती. मुख्याध्यापकांनी मला ते नंतर अनेकदा ऐकवले आणि मी त्यांना दर वेळी एकच उत्तर दिले. त्या दोघांच्या घरी रोज वर्तमानपत्र येत होते, दोघांच्याही आया शिकलेल्या होत्या आणि मुलांशी जगातल्या गोष्टींबद्दल बोलत होत्या. संचांनी त्यांचे नुकसान केले नाही, कारण संचांतून जे मिळत नाही, ते त्यांना घरी मिळत होते. जिला ते फक्त शाळेतच मिळू शकत होते, तिची ती वीस मिनिटे आम्ही काढून घेतली. मुख्याध्यापकांना हे कधी पटले नाही. आपल्या मुलाच्या घरी आपण आहात आणि परीक्षेला अजून काही महिने आहेत, म्हणून शिकवणी बंद केली नाही तरी चालेल, परंतु घरचे वाचन आजच सुरू करा. सहा आठवड्यांनी त्याची चुकलेली उत्तरे आणि त्याने सांगितलेली कारणे इथे लिहिलीत, तर मी ती अवश्य पाहीन.