अमेरिकेवरचा स्पॅनिश ठसा पाहायचा असेल तर न्यू मेक्सिकोतला पाट बघा

तुम्ही विचारलंय की गिटार, खाणंपिणं आणि लॉस एंजेलिससारखी गावांची नावं बाजूला ठेवली तर स्पॅनिश लोकांनी अमेरिकेला टिकाऊ असं काय दिलं, आणि ते आज चालू स्थितीत कुठे बघायला मिळतं.

माझं उत्तर एका शब्दाचं आहे : पाट. शेताला पाणी देणारा, मातीचा, गावाने खणलेला आणि गावानेच सांभाळलेला पाट. अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या न्यू मेक्सिको राज्यात त्याला 'असेकिया' म्हणतात. तिथे असे सुमारे ७०० पाट अजून वाहते आहेत. चर्च आणि कमानी फोटोत छान दिसतात; पण दर वसंतात माणसं फावडी घेऊन जमतात, भांडतात, हिशेब करतात आणि पाणी पुढे सरकवतात, ती गोष्ट मला वारसा म्हणून जास्त खरी वाटते.

'असेकिया' हा शब्द अरबी 'अस-साकिया'पासून आला. अरबांच्या काळात स्पेनच्या कोरड्या भागांत पाट आणि पाणीवाटपाचे नियम घट्ट झाले. वालेन्सिया शहरात पाण्याचं न्यायालय आजही दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दारात भरतं आणि तिथलं कामकाज तोंडी चालतं. त्याच परंपरेची फांदी ऑगस्ट १५९८ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या चामा आणि रिओ ग्रांदे नद्यांच्या संगमाजवळ रुजली. स्पॅनिश मोहिमेचा प्रमुख हुआन दे ओन्याते याच्या वसाहतीसाठी तिथे पाट खणायला सुरुवात झाली. इंग्रजांची अमेरिकेतली पहिली टिकलेली वसाहत, जेम्सटाउन, त्यानंतर नऊ वर्षांनी, १६०७ मध्ये वसली.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या खोऱ्यातले प्वेब्लो लोक आधीपासूनच पाणी वळवून मका, घेवडा आणि भोपळा पिकवत होते. ओन्यातेच्या मोहिमेच्या नोंदीत पाटाच्या कामाला सुमारे १५०० स्थानिक माणसं होती असं लिहिलंय. पुढे प्वेब्लोंकडून सक्तीने श्रम आणि धान्य वसूल होत राहिलं. त्यातूनच १६८० चं बंड झालं आणि स्पॅनिश लोकांना बारा वर्षं हा मुलूख सोडावा लागला. त्यामुळे असेकियाला निव्वळ स्पॅनिश म्हणणं अर्धवट ठरेल. नियम आणि शब्द स्पेनकडून आले, पण नदी कुठे वळते, कुठली जमीन पाणी धरते हे ज्ञान आणि सुरुवातीचा घाम प्वेब्लोंचा होता.

आता रचना. नदीत दगड, ओंडके आणि फांद्यांचा बुटका बंधारा घालतात, त्याला 'प्रेसा' म्हणतात. हल्ली बरेच बंधारे काँक्रीटचे झालेत. बंधाऱ्याशेजारी पाणी आत घेणारं दार असतं, 'कोम्पुएर्ता'. तिथून निघतो मुख्य पाट, 'असेकिया माद्रे', म्हणजे शब्दशः आईपाट. त्यातून प्रत्येक शेताकडे चाऱ्या फुटतात. वाटेत ओढा आडवा आला की पूर्वी पोखरलेल्या ओंडक्याची पन्हळ टाकून पाणी पलीकडे नेत, त्या पन्हळीचं नाव 'कानोआ', म्हणजे होडी. शेवटी उरलेलं पाणी नदीत परत सोडणारी वाट असते, 'देसाग्वे'. हा शेवटचा भाग विसरलात तर पाट फुटतोच. रात्री कोणी आपलं दार बंद करून झोपायला गेला की तेवढं पाणी कुठेतरी जायला हवं.

सगळी मेख उतारात आहे. समजा, नदी किलोमीटरला ८ मीटर उतरते आणि पाट २ मीटरच उतरवला. किलोमीटरभर गेल्यावर पाट नदीपेक्षा ६ मीटर उंचावर येतो, आणि पाट व नदी यांच्यामधली सगळी जमीन भिजवता येते. उतार जास्त झाला तर पाणी तळ खरवडत जातं आणि भराव ढासळतो. कमी झाला तर गाळ बसतो, दोन-तीन हंगामांत पाट उथळ होतो आणि पाणी काठावरून सांडतं. खणणाऱ्यांकडे साधी पाणसळ असे. खरी परीक्षा थोडं खणून, पाणी सोडून, पुढे सरकतंय का ते बघून होई. शेतंही त्याच हिशेबाने आखलेली आहेत : पाटापासून नदीपर्यंत लांबट, अरुंद पट्ट्या, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडा पाट आणि थोडी नदी. वारसांत वाटण्या होत होत काही पट्ट्या इतक्या चिंचोळ्या झाल्यात की ट्रॅक्टर वळवणंही जिकिरीचं होतं.

पाण्याचा हक्क असलेल्या शेतकऱ्याला 'पार्सियांते' म्हणतात. ते मिळून तीन कारभारी आणि एक 'मायोर्दोमो' निवडतात. आपल्याकडच्या पाटकऱ्याचंच काम, पण अधिकार बराच मोठा. कोणाचं दार कधी उघडायचं हे मायोर्दोमो ठरवतो. त्याच्या परवानगीशिवाय पाणी घेणं राज्याच्या कायद्यानुसार गुन्हा आहे. पाटाच्या देखभालीसाठी त्याला कोणाच्याही जमिनीतून जाता येतं आणि वाटेत कुंपण घालून त्याला अडवता येत नाही. शहरातून येऊन पाटालगत घर घेणाऱ्यांचे बरेच तंटे नेमके यावरूनच होतात.

मार्च-एप्रिलमध्ये पाटाची सफाई होते. ती नीट समजून घ्या, कारण सगळी संस्था त्या एका-दोन दिवसांवर उभी आहे. आधी मायोर्दोमो कोरड्या पाटातून पूर्ण चालून जातो : कुठे गाळ जास्त, कुठे भरावात बिळं, कुठे विलोची झुडपं आत घुसलीत. मग प्रत्येकाच्या हक्काच्या प्रमाणात माणसं मागवतो. ज्याचा हक्क मोठा, त्याने जास्त मजूर पाठवायचे किंवा त्यांची मजुरी भरायची. सकाळी सगळे दाराशी जमतात. मायोर्दोमो काठीने मोजून एकेकाला पाटाचा तुकडा नेमून देतो, त्याला 'तारेआ' म्हणतात. तळाचा गाळ उचलून उताराकडच्या भरावावर टाकायचा, म्हणजे खोदाई आणि बांधबंदिस्ती एकाच हाताने होते. बाजूच्या भिंती ताठ तासायच्या आणि मुळं कुऱ्हाडीने तोडायची. नेमलेले तुकडे झाले की 'वुएल्ता!' अशी हाळी पडते आणि सगळी रांग पुढच्या तुकड्यांवर सरकते. ज्याने माणूसही पाठवला नाही आणि पैसेही भरले नाहीत, त्याचं पाणी बंद. थकबाकी फिटेपर्यंत त्याला मतही देता येत नाही.

पहिलं पाणी सोडतानाची चूक सगळ्यात महागात पडते. कोरडा पाट आधी स्वतः पाणी पितो, त्यामुळे टोकाला पोचायला कधी दिवस-दोन दिवस लागतात. शिवाय पाण्याच्या तोंडाशी हिवाळाभराचा पालापाचोळा, काटक्या आणि बाटल्या यांचं जाड जाजम पुढे पुढे ढकललं जातं. कोणीतरी दाताळं घेऊन त्याच्याबरोबर चालत ते बाहेर काढलं नाही, तर पहिल्याच मोरीत बोळा बसतो आणि पाणी रस्त्यावर. म्हणून पहिलं पाणी नेहमी थोडं सोडतात.

वाटप पाण्याच्या मापावर नसून वेळेवर असतं. उदाहरणार्थ, एका पाटावर ८४ एकर आहेत आणि पाळी आठवड्याची आहे. आठवड्याचे तास १६८, म्हणजे एकरी २ तास. पाच एकरवाल्याला १० तास. ते १० तास रात्री दोनला सुरू झाले तर रात्री दोनला उठून दारं धरायची. मे-जूनमध्ये डोंगरातला बर्फ वितळतो तेव्हा पाणी पुरून उरतं आणि पाळ्या सैल असतात. जुलैत नदी उतरली की कस लागतो. मग मायोर्दोमो सगळ्यांचे तास सारख्या प्रमाणात कापतो. जनावरं आणि परसातला भाजीपाला आधी, मग फळझाडं, आणि शेवटी लसूणघास, अशी सर्वसाधारण रीत. जुलै-ऑगस्टमध्ये तिथेही मान्सूनच म्हणतात आणि वळवासारखा धो-धो पाऊस येतो. तेव्हा वरचं दार ताबडतोब बंद करायचं असतं. अर्धा तास उशीर झाला तर लोंढ्याचा गाळ पाटभर बसतो आणि वसंतातली मेहनत वाया जाते.

हे वाचताना खानदेशातल्या पांझरा-मोसम खोऱ्यातली फड पद्धत आठवली असेल तर ती आठवण रास्त आहे. बंधारा, पाट, पाटकरी, जागल्या, वर्गणी आणि तुटीत सगळ्यांनी सोसणं, हे सगळं तिथेही आहे. फरक एवढाच की फडात एका फडाला एकच पीक ठरतं. असेकियावर कोणी मिरची लावो की सफरचंद, पाटाला त्याचं देणंघेणं नाही, फक्त तासांशी मतलब.

तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा पुढे आहे. १८४६ मध्ये अमेरिकन सैन्याने मेक्सिकोकडून न्यू मेक्सिकोची राजधानी सांता फे घेतलं तेव्हा लागू केलेल्या कायद्यात पाण्याच्या जुन्या रीती चालू राहतील असं नमूद होतं. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रादेशिक विधिमंडळाने मायोर्दोमोची निवड आणि पाटावरचं सक्तीचं श्रमदान कायद्यात घातलं. म्हणजे जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांची संस्था आपल्या कायद्यात जशीच्या तशी घेतली. पण अमेरिकन पश्चिमेचा स्वतःचा नियम वेगळा होता : ज्याने आधी पाणी वापरलं त्याचा हक्क आधी. तुटवडा पडला की जुन्या हक्काला पूर्ण पाणी आणि नव्याला शून्य. न्यू मेक्सिकोने १९०७ मध्ये हा नियम प्रदेशभर बसवला. त्यामुळे कागदावर पाटांना अग्रक्रमाच्या तारखा आहेत, आणि प्रत्यक्षात अनेक खोऱ्यांतले पाट तारखा बाजूला ठेवून आपापसांत पाणी वाटून घेतात.

दुसरी कात्री म्हणजे पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा करून विकता येतो. वीसपैकी चौघांनी आपला हक्क शहराला किंवा रिसॉर्टला विकला की उरलेल्या सोळा जणांवर तेवढ्याच लांबीचा पाट साफ करायची वेळ येते. शिवाय पाण्याचा जोर कमी होतो आणि टेलच्या, म्हणजे पाटाच्या टोकाच्या, शेतापर्यंत ते पोचतच नाही. १९८५ मध्ये रिओ अरिबा काउंटीत एका रिसॉर्टच्या तळ्यासाठी असा हक्क वळवायला जिल्हा न्यायाधीशांनी नकार दिला आणि त्यासाठी स्थानिक संस्कृतीचं नुकसान हे कारण धरलं. अपिलात तो निकाल टिकला नाही. पण वाद थांबला नाही आणि २००३ च्या कायद्याने पाट-संघटनांना अधिकार दिला : पोटनियमांत तशी तरतूद केली असेल तर हक्क पाटाबाहेर नेण्याला त्या नकार देऊ शकतात. तरतूद केली नसेल तर हे संरक्षण मिळत नाही. कागदपत्रांत ढिलाई केलेले पाट इथेच अडकतात.

सिमेंटचा मोहही असाच आहे. मातीचा पाट पाझरतो म्हणून तो काँक्रीटने मढवला की टेलला पाणी लवकर पोचतं हे खरं. पण तो पाझर फुकट जात नव्हता. त्यावर काठची कॉटनवुडची झाडं जगत होती, विहिरी भरत होत्या आणि काही पाणी उशिरा का होईना नदीत परत येत होतं. म्हणून मला वाटतं, उंदीरवर्गी प्राण्यांनी पोखरलेला किंवा डोंगरकडेला ढासळणारा तेवढाच तुकडा मढवावा, बाकी पाट मातीचाच राहू द्यावा. २०२२ च्या हर्मिट्स पीक-काफ कॅन्यन वणव्यात ३,४०,००० एकरांहून जास्त जंगल जळालं. नंतरच्या पुरांत राख आणि गाळाने मोरा व सान मिगेल काउंटीतले कित्येक पाट बुजले. ते उपसणं अजून मोठं काम आहे.

पाटाबाहेरची दोन उदाहरणं थोडक्यात देतो. काउबॉयची जवळपास सगळी परिभाषा मेक्सिकोच्या वाकेरोंची, म्हणजे घोड्यावरून गुरं राखणाऱ्यांची आहे : 'ला रेआता'चं लॅरिएट (फासाचा दोर) झालं, 'चापारेरास'चं चॅप्स (पायांवरचं चामडी आवरण), 'मेस्तेन्यो'चं मस्टँग (रानटी घोडा) आणि खुद्द 'वाकेरो'चं बकरू (काउबॉय). आणि कॅलिफोर्निया किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी जोडप्यांना थेट लागू होणारी गोष्ट : लग्नानंतर कोणाच्याही पगारातून घेतलेलं घर, नाव एकाचंच असलं तरी, साधारणपणे दोघांचं मानलं जातं. ही संपत्तीची कल्पना स्पॅनिश कायद्यातून आली. त्या काळी इंग्रजी कायद्यात बायकोची मिळकत नवऱ्याच्या ताब्यात जाई. वारसाने किंवा भेट म्हणून मिळालेलं वेगळं राहतं, पण त्याचा पैसा संयुक्त खात्यात मिसळला की वेगळेपणा सिद्ध करणं अवघड होतं.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर टेक्सासमधल्या सान अँटोनिओत एस्पादा मिशनजवळचा जलसेतू बघा. १७४५ च्या सुमारास पूर्ण झालेल्या त्या दगडी कमानींवरून आजही पाटाचं पाणी ओढा ओलांडतं. कोलोरॅडोत सान लुइसचा १८५२ चा पाट आहे, त्या राज्यातला अखंड वापरात असलेला सर्वांत जुना पाणीहक्क. सांता फे शहरात असेकिया माद्रे नावाच्या रस्त्याकडेलाच पाट आहे, पण उन्हाळ्याच्या शेवटी तो कोरडा असू शकतो. पाणी वाहताना बघायला मे महिना उत्तम. १५ मे हा शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो याचा दिवस, त्या सुमारास काही गावांत त्याची मूर्ती पाटाकाठाने मिरवतात. भरावावर चालायच्या आधी विचारा, कारण तो बहुतेकदा कोणाच्या तरी शेतातून जातो. आणि एकाही दाराला हात लावू नका. ते बंद दिसलं तरी त्या घटकेला पाणी खाली कोणाच्या तरी पाळीचं चालू असतं.