कुरडया भिजल्या, अंदाज कोरडाच

प्रश्न : मे महिन्यात तीन दिवस गहू भिजवून चीक काढला आणि मोबाईलवर ‘कोरडे हवामान’ असे पाहूनच गच्चीवर कुरडया घातल्या. दुपारी चारला धुळीचे लोट उठले, पाठोपाठ सरी आल्या आणि सगळे वाळवण वाया गेले. उलट गेल्या जुलैत ऑरेंज अलर्ट म्हणून मुलांची शाळा बंद राहिली, तेव्हा दिवसभर ऊन होते. अशा अंदाजांवर विसंबायचे तरी कसे?
– एक वाचक भगिनी, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : आपला संताप समजतो, परंतु या दोन तक्रारींची कारणे निराळी आहेत. ऑरेंज अलर्ट संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो आणि ठाणे जिल्हा खाडीपासून थेट शहापूर-मुरबाडच्या डोंगरांपर्यंत पसरलेला आहे. (आपली एखादी मैत्रीण खारघरला राहत असेल, तर तिने रायगडचा इशारा पाहावा, नवी मुंबई म्हटले तरी खारघर त्या जिल्ह्यात मोडते.) इशाऱ्यात बहुधा ‘तुरळक ठिकाणी अति मुसळधार’ असे लिहिलेले असते. हवामान खात्याच्या परिभाषेत तुरळक म्हणजे जास्तीत जास्त एक चतुर्थांश ठिकाणी, आणि अति मुसळधार म्हणजे २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर. त्यामुळे माळशेजच्या पायथ्याशी तेवढा पाऊस झाला आणि आपल्याकडे ऊन पडले, तरी अंदाज चुकला असे म्हणता येत नाही. बातमीच्या मथळ्यातून नेमका ‘तुरळक’ हाच शब्द गळतो, हे मात्र खरे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा कुलाब्यात ७५ मिलिमीटरही झाला नव्हता.

वळवाचे तंत्र याहून अवघड. तापलेल्या जमिनीवरची हवा समुद्राकडून आलेल्या बाष्पासह वर चढते आणि तास-दोन तासांत ढग उभा राहतो. त्याचा घेर काही किलोमीटरच असतो, आयुष्यही थोडे. तो कोणत्या उपनगरावर फुटेल हे सकाळी सांगता येत नाही, फक्त शक्यता सांगता येते. म्हणूनच ती शक्यता झाकून नुसता हसरा सूर्य दाखवणाऱ्या मोबाईलवरील चित्रांना आमचा आक्षेप आहे. १३ मे २०२४च्या दुपारी अशाच धुळीच्या वादळात घाटकोपरचा जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा जीव गेला, हे आपण विसरला नसालच.

वाळवण घातले असेल त्या दिवशी दुपारी बारानंतर हवामान खात्याचा पुढील तीन तासांसाठीचा तात्कालिक इशारा पाहत जावा, कारण तो रडारवर प्रत्यक्ष दिसणाऱ्या ढगांवरून दिला जातो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपास कडाडणाऱ्या विजांची सूचना देते. मेमधले हे ढग पुष्कळदा सह्याद्रीकडून किनाऱ्याकडे सरकतात, तेव्हा खाडीपलीकडे भिवंडीच्या बाजूला आभाळ काळवंडले, तर मोबाईल पाहण्याआधी कुरडया उचलाव्यात. जमल्यास पुढील वर्षी चीक मार्चमध्येच काढावा.